इंजेक्शनं घेतली तर अंडी संपतील का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ३३ वर्षांच्या एक ताई आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचाराआधीच्या समुपदेशनाला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एचएमजीची (अंडी वाढवणाऱ्या संप्रेरकांची) इंजेक्शनं घरी आणून ठेवली होती, पण पहिलं घ्यायचं धाडस होत नव्हतं. सुईची भीती नव्हती. "मॅडम, महिन्याला एकच अंडं तयार होतं ना? मग एकदम दहा-बारा काढली तर माझं वर्षभराचं संपलं की! जाऊबाई म्हणतात, यानं पाळी लवकर जाते."

ही शंका अनेक जणींच्या मनात असते, आणि ती विचारणाऱ्या बाईला गप्प बसवणं चूक आहे. हिशेब मांडूनच उत्तर द्यावं लागतं.

महिन्याला बाहेर पडतं एक अंडं, पण वाढायला सुरुवात करतात बरीच. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत ताईंच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १२ लहान फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी) दिसत होते. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते, त्यावर ते वाढतात. वाढता वाढता त्यांच्यातून इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही संप्रेरकं तयार होतात आणि त्यानं एफएसएच खाली येतं. बाराची पंगत बसते आणि जेवण एकालाच पुरतं, तसं होतं. उरलेले अकरा त्याच महिन्यात सुकून जातात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असोत, गरोदरपण असो, ही गळती थांबत नाही. जन्माच्या वेळी १० ते २० लाख अंडी असतात, वयात येताना ३ ते ४ लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम ४०० ते ५००.

इंजेक्शनातलं एफएसएच ही पातळी खाली येऊ देत नाही, म्हणून सुकून जाणारे फॉलिकलही वाढतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही.

ताईंचा लगेच दुसरा प्रश्न: "मग डोस दुप्पट केला तर वीस मिळतील?" नाही. त्या महिन्यात बारा असतील तर तेरावा औषधानं तयार होत नाही. डोस वय, वजन, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि फॉलिकलची संख्या पाहून ठरतो. शेजारणीचा डोस आपल्याला लागू होत नाही.

त्यांना रोज २२५ युनिट होते, म्हणजे ७५ च्या तीन कुप्या. १ मिली द्रावण पहिल्या कुपीत घालायचं, पावडर विरघळली की तेच ओढून दुसरीत, मग तिसरीत. कुपी हलकेच फिरवायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती जोरात हलवली, फेस झाला आणि थोडं औषध फेसातच अडकलं. अशा वेळी फेस बसेपर्यंत थांबायचं, घाईनं नवी कुपी फोडायची नाही. औषध जाड सुईनं ओढायचं, टोचायला बारीक सुई लावायची. बेंबीपासून दोन बोटं सोडून, कातडी चिमटीत धरून, रोज बाजू बदलून, साधारण ठरलेल्या वेळेला.

सहाव्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम जोडलं. ते नसेल तर एलएचची (अंडं सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाची) लाट लवकर येऊन अंडी पोटातच सुटतात. दहाव्या दिवशी तीन फॉलिकल १८ मिलिमीटरचे झाल्यावर रात्री साडेनऊला ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणारं, इंजेक्शन ठरलं आणि त्यानंतर ३६ तासांनी, म्हणजे परवा सकाळी साडेनऊला, अंडी काढणं. सगळ्या उपचारात वेळ चुकवून मुळीच चालत नाही ती इथे. ट्रिगरला उशीर झाला तर अंडी कच्ची राहू शकतात, फार आधी घेतलं तर काढण्यापूर्वीच सुटतात. घड्याळ चुकलंच तर लपवू नये, त्याच रात्री क्लिनिकला कळवावं, काढायची वेळ पुढेमागे करता येते.

९ अंडी मिळाली, त्यांतली ७ पक्व. पण पंधरा दिवसांनी ताईंनी स्वतःहून एएमएच केलं. २.१ होतं ते १.२ आलं आणि जाऊबाईंचं म्हणणं त्यांना खरं वाटू लागलं. एएमएच लहान फॉलिकलमधून येतं. ते सगळे नुकतेच मोठे केलेले, म्हणून आकडा तात्पुरता खाली येतो. तीन महिन्यांनी तो २.० होता. उपचारानंतर लगेच ही तपासणी करूच नये.

खरी काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. पीसीओएस (अंडाशयात बरेच लहान फॉलिकल साठून राहण्याचा त्रास) असेल, फॉलिकल वीस-पंचवीस असतील, तर अंडाशय प्रमाणाबाहेर फुगू शकतात. विशेषतः एचसीजी या संप्रेरकाच्या ट्रिगरनंतर रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं. म्हणून अशा बाईला डॉक्टर डोस कमी ठेवतात, एचसीजीऐवजी अॅगोनिस्टचा (शरीराला स्वतःचं एलएच सोडायला लावणाऱ्या औषधाचा) ट्रिगर देतात आणि भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यांत गर्भाशयात सोडतात. अंडी काढल्यावर रोज सकाळी वजन करावं. एका दिवसात किलोभर वाढलं, पोट ताणलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.