कोटणीसांना चीनमध्ये हुद्दा मिळाला होता का? ‘दायफू’ची गोष्ट

प्रश्न असा आला आहे : जपानविरुद्धच्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, तेव्हा माओंनी लिहिलेल्या शोकसंदेशात त्यांचा उल्लेख ‘क दीहुआ दायफू’ असा आहे. ‘क दीहुआ’ हे कोटणीसांचं चिनी नाव. पण कोशात ‘दायफू’च्या दोन चित्राक्षरांचा अर्थ ‘मंत्री, उच्चाधिकारी’ असाही सापडतो. मग सोलापूरच्या या डॉक्टरांना तिथे एखादा हुद्दा दिला होता का?

नाही. इथे अर्थ साधा ‘डॉक्टर’. पण कोशही चुकलेला नाही.

अक्षरं तीच, उच्चार दोन. ‘दाफू’ म्हटलं की जुना सरदार-अधिकारी, ‘दायफू’ म्हटलं की वैद्य. झोऊ राजवटीत (इ.स.पू. अकरावं ते तिसरं शतक) राजाखालच्या मानकऱ्यांची उतरंड होती : छिंग, दाफू आणि श. ‘शिक्षा दाफूपर्यंत चढत नाही’ असं एक प्राचीन वचन आहे, त्यावरून त्यांचा तोरा समजावा. कवी छू युआन हाही दाफूच.

छिन राजवटीत तर एका झाडालाही ही पदवी मिळाली! इ.स.पू. २१९ मध्ये पहिला सम्राट ताय पर्वतावरून उतरताना वादळपावसात सापडला. ज्या झाडाखाली थांबला, त्याला त्यानं ‘वू-दाफू’ केलं. हा वीस हुद्द्यांपैकी नववा. ‘वू’ म्हणजे पाच, त्यामुळे पुढच्या लोकांनी झाडंच पाच होती असं धरलं. गैरसमजही कसा फोफावतो पाहा.

वैद्यांपर्यंत हा शब्द आला सोंग राजवटीच्या काळात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट हुईझोंगच्या दरबारात राजवैद्यांच्या हुद्द्यांची नावं नव्यानं ठरली आणि वरच्या हुद्द्यांच्या नावांत ‘दाफू’ आलं. मग उत्तरेकडे लोक गल्लीतल्या वैद्यालाही तेच म्हणू लागले. आपल्याकडे कुणालाही ‘साहेब’ म्हणतात, तसं. दक्षिणेत वैद्याला ‘लांगझोंग’ म्हणत. गंमत म्हणजे तोही मुळात सरकारी हुद्दाच.

मराठी वाचकाला इथे हाकीम आणि हकीम आठवावेत. एक अंमलदार, दुसरा वैद्य. मात्र साम्य वरवरचं आहे. हे अरबीतल्या एकाच धातूपासून निघालेले दोन वेगळे शब्द, तर चिनीत एकच शब्द दरबारातून दवाखान्यात गेला.

कोटणीसांचं काम येनान आणि हपै भागात, म्हणजे उत्तरेतच झालं. तिथे ‘दायफू’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. आज चीनभर चालणारा शब्द आहे ‘यीशंग’. पण तांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) ‘यीशंग’ म्हणजे वैद्यकाचा विद्यार्थी. त्या काळच्या कुणी ‘क दीहुआ यीशंग’ असं वाचलं असतं, तर कोटणीस अजून शिकताहेत अशीच त्याची समजूत झाली असती.