कोकणात पारंपरिक चीज का तयार झालं नाही? आपल्या लोकांना तंत्रच माहीत नव्हतं का? गावठी गाईच्या दुधाचं घरी करता येईल का?

तंत्र माहीत नव्हतं, हे आधी डोक्यातून काढून टाका. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकून घेतलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही गुहागर तालुक्यातले, गोठ्यात अजून गावठी गाई आहेत. नणंदेचे यजमान पुण्याला असतात. ते चीज करायला शिकून आले आणि ऐन श्रावणात आमच्याकडे दूध मागितलं. दिलं. रेनेटने, म्हणजे चीजसाठी दूध थिजवणाऱ्या द्रव्याने, दूध छान थिजलं, भावोजींनी ते कापलं, दाबलं, मीठ चोळलं आणि मुरायला माजघरातल्या फडताळात ठेवलं. मुरणाऱ्या चीजला दहा-पंधरा अंशांचा गारवा लागतो. आमच्याकडे श्रावणातही पंचवीसच्या खाली क्वचित उतरतं, आणि हवा इतकी ओली की काडेपेटी पेटत नाही. काही दिवसांत वर काळी-हिरवी बुरशी, खाली पाणी, भोवती माशा. तर सगळ्यांसमोर म्हणाले, "कोकणात दुधातलं कुणाला काही कळलंच नाही, ताकाच्या पुढे गेला नाहीत तुम्ही."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते अजून लागतं, कारण त्याच मुक्कामात गाय व्यायली आणि सासूबाईंनी खरवस केला. पहिल्या धारेचा चीक पिवळाजर्द, बोटाला चिकटणारा. त्यांनी आधी वाटीत चमचाभर चीक उकडून पाहिला. तो किती घट्ट होतो, त्यावर दूध किती घालायचं ते ठरलं. गूळ विरघळवून गाळून घेतला, वेलची-जायफळ घातलं, मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधलं, म्हणजे वाफेचं पाणी वर ठिबकत नाही. आच मंद. आच वाढली की खरवसाला जाळी पडते आणि पाणी सुटतं. पहिल्या चिकात प्रथिनं नेहमीच्या दुधाच्या चौपटीच्या आसपास असतात, ती तापली की आपोआप धरतात, रेनेट लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा चीक पातळ होत जातो, दूध कमी घालायचं. हे सगळं अंदाजाने ओळखणाऱ्या बाईला दुधातलं कळत नाही? भावोजींनी दोनदा मागून घेतला, पण एवढं काही त्यांच्या लक्षात आलं नाही.



मग चीज का नाही? एक, दूधच नाही. २०१८ साली कोकण कपिला म्हणून नोंद झालेली आपली गाय काटक आहे, पण दिवसाला दोन-अडीच लिटर देते. किलोभर घट्ट चीजला दहाएक लिटर लागतं. वासरू, पोरं आणि चहा सोडून उरतं काय? जे उरलं त्याचं तूप झालं, आणि आमटीभाजीला नारळाचा रस होताच. दुसरं, जुनं रेनेट वासरू मारून त्याच्या जठरातून काढायचे. ज्या घरात गाईची पूजा होते तिथे ते कोण करणार? तिसरं, हवा. टिकवणं आपल्याला येत नव्हतं असं नाही. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मासे, आमसुलं, फणसाची साठं सगळं उन्हात वाळवून ठेवणारी माणसं आपण. पण ओल्या चीजला ऊन चालत नाही.

उष्ण किनाऱ्यांवर जे टिकलं ते पाहा. पारशांचं टोपली पनीर मुरवत नाहीत, ते खारट निवळीत, म्हणजे दूध थिजल्यावर सुटणाऱ्या पाण्यात, ताजंच ठेवतात. हुगळीकाठचं बंडेल चीज खारवून धुरी देतात, आणि ते पोर्तुगीजांचं मानतात. पोर्तुगीज १५३४ ते १७३९ वसईतही होते, पण मुरवायची हवा काही ते बरोबर आणू शकले नाहीत.

घरी करायचंच तर टोपली पनीराच्या वळणाचं करा, मीठ घातलेल्या निवळीत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. रेनेट आता जंतूंपासून केलेलं शाकाहारीही मिळतं. मुरवायचंच असेल तर गार कपाटाची सोय करा, आणि ते बिघडलं तर खापर कोकणावर फोडू नका.

आणि हो, दूध आधी ६३ अंशांवर अर्धा तास धरा, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा आजार) होऊ शकतो. खरवसासाठी चीक काढायचा तर वासराचं पोट भरल्यावरच. पहिल्या काही तासांत त्याला तो मिळाला नाही तर रोगाशी लढायची ताकद त्याला नंतर पुरती देता येत नाही.