छोटं फुलांचं झाड: फुलं राहू देत, आधी तारा पिळा

तुम्ही लिहिलंय की जाड तारेचं खोड उभं केलं, वर बारीक तारा गुंडाळल्या, टिश्यू पेपरची दोनेकशे गुलाबी फुलं चिकटवली आणि तरी ते झाड न वाटता काठीवर बांधलेला गुच्छ वाटतोय, शिवाय जरा धक्का लागला की कलंडतं. फुलांत काही खोट नाहीये, गडबड फांद्यांची आहे. मी बरीच वर्षं ही झाडं करतेय आणि माझं ठाम मत आहे की फुलं लावायच्या आधी उघडं झाड टेबलावर ठेवून बघायचं, ते तसंच बघायला आवडलं तरच पुढे जायचं.

खोड वेगळं, फांद्या वेगळ्या असं करूच नका. २४ गेजची तार घ्या, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाड (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, घेताना खूप जणांचं उलटं होतं). तिचे ३५ सेंमीचे ३२ तुकडे कापा, सगळे एकत्र धरा, खालचे ५ सेंमी मुळांसाठी मोकळे सोडा आणि त्याच्यावर ८ सेंमी सगळी जुडी पिळा, हे झालं खोड. आता जुडी फोडा, पण समान नको, एका बाजूला १४, दुसरीकडे १०, तिसरीकडे ८, प्रत्येक फांदी ३-४ सेंमी पिळली की परत फोडा, १४ ची ८ आणि ६, मग ५ आणि ३, असं करत करत शेवटी एकेक तार सुटी राहते ती डहाळी. यात गंमत अशी की जाडी आपोआप बरोबर उतरते. खऱ्या झाडाचंही असंच असतं, लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये टिपून ठेवलंय की एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. तुमच्या झाडात जाड तार एकदम संपते आणि बारीक सुरू होते, डोळ्याला नेमकं तेच खटकतं.

मग वाकवा. प्रत्येक फाट्याजवळ चिमटीत धरून थोडा बाक द्या, एक फांदी पुढे आपल्याकडे येऊ दे, एक मागे जाऊ दे, नाहीतर झाड पंख्यासारखं चपटं होतं. हे सगळं आत्ताच उरका, कारण एकदा साल चढली आणि वाळली की वाकवताना ती तडकते.

सालीसाठी टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या, फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्यात भिजवायच्या आणि खालून वर गुंडाळत जायचं. सुरकुत्या पडतील त्या पडू द्या, त्याच तर हव्यात, ओलं असतानाच टूथपिकने अजून दोन-चार चिरा ओढा. डहाळ्यांना कागद नको, तिथे नुसता रंग किंवा अगदी बारीक फ्लोरल टेप (कागदी फुलांच्या देठांना गुंडाळतात ती मेणचट कागदी पट्टी), आणि हो, ती टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, न ताणता गुंडाळून मग टेप खराब आहे असं वाटतं. रंग चॉकलेटी थेट डबीतून नको, त्यात काळा आणि जरा राखाडी मिसळा, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी वरच्यावर फिरवा, सुरकुत्यांचे उंचवटे तेवढे उजळतात.

कलंडण्याचा इलाज म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी, पावडर पाण्यात घालायची, उलटं केलं तर गुठळ्या होतात. सुट्या ठेवलेल्या तारा मुळांसारख्या पसरून कुंडीत धरा आणि ओता, दहा-पंधरा मिनिटं हात हलवू नका, घट्ट होताना ते गरम लागतं, घाबरायचं कारण नाही. झाड एका बाजूला झुकलेलं असेल तर बुंधा विरुद्ध बाजूला सरकवून लावा. उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये अजिबात ओतू नका, पाइपात दगड होतो.

आता फुलं. २०-२२ सेंमीच्या झाडावर २ सेंमीचं फूल म्हणजे ताटच, ६ ते ८ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. टिश्यूचा दीड सेंमीचा चौकोन पेन्सिलच्या मागच्या टोकावर ठेवायचा, चारी बाजू खाली दुमडायच्या, काढून बूड पिळायचं आणि घट्ट फेव्हिकॉलमध्ये जेमतेम टेकवून लावायचं, पातळ गोंद असला की गुलाबी रंग सुटून फांदीवर ओघळतो, माझं एक अख्खं झाड असं डागाळलं होतं. एवढ्या आकारात पाकळ्या मोजायला कोणी जात नाही, पण दोन-चार फुलं समोर नीट दिसणार असतील तर पाच पाकळ्या कापा. चेरी हवी तर पाकळीच्या टोकाला छोटी खाच द्या, प्लमची पाकळी गोल असते.

एकच गुलाबी वापरू नका हे मात्र कळकळीने सांगते. चेरीची कळी गडद असते आणि फूल उमललं की फिकट होतं, म्हणून डहाळीच्या टोकाला गडद कागदाच्या गोळ्या, आत फिकट गुलाबी, मधेच पांढरी. तीन-चारचे झुबके करा आणि दोन झुबक्यांत फांदी दिसू द्या. खोडाला आणि जाड फांद्यांना जवळपास काही नको. शंभर-सव्वाशे फुलं पुरतात, तुमची दोनशे आहेतच, त्यातली लहान लहान निवडून घ्या आणि दहा-पंधरा लावली की लांब जाऊन बघा, परत या, परत लावा. हिरवी पानं टाळा, यातली बरीच झाडं पानं फुटायच्या आधीच फुलतात. आणि तयार झाल्यावर थेट उन्हात ठेवू नका, टिश्यूचा रंग लवकर उडतो.

सध्याच्या झाडाची फुलं बुडाशी अलगद पिळून सोडवली तर बरीचशी वाचतील, तार मात्र नवीन घ्या.