पीयूसीचं गणित पक्कं आहे, तर थेट ऑनर्स कॅल्क्युलस टू घेऊ का?

खानापूरची तू, दहावीपर्यंत मराठी माध्यम, सेकंड पीयूसीला (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला) गणितात 97, ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालीस आणि विचारतेस, पहिल्याच सेमिस्टरला ऑनर्स कॅल्क्युलस टू, म्हणजे कॉलेजातल्या कॅल्क्युलसच्या दुसऱ्या कोर्सचा जास्त अवघड प्रकार, घेऊ का. मी बेळगावचा. हाच उद्योग करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स हे सगळं तुझं झालंय. कॅल्क टूचा बराच भाग हाच असतो. त्यामुळे पहिला महिनाभर हात सरासर चालतो, शेजारची पोरं वही बघायला मागतात, आणि तिथंच आपली फसगत होते. पुढं इम्प्रॉपर इंटिग्रल, अनंत श्रेणी, टेलर सिरीज येतात. ती श्रेणी कुठल्या आकड्यावर स्थिरावते की फुगतच जाते, हे ठरवायच्या कसोट्या आपल्याला पीयूसीत कुणी शिकवलेल्या नसतात. शिवाय ऑनर्समध्ये ‘उत्तर काढा’ कमी, ‘सिद्ध करा’ जास्त.

माझंच सांगतो. प्रश्न होता: 1 + 1/2 + 1/3 + 1/4 असं बेरजेत घालत गेलं तर काय होतं? मी ठोकून दिलं, पदं लहान लहान होत शून्याकडं जातात, म्हणजे बेरीज कुठंतरी थांबणारच. पेपर परत आला तो शेजारी लाल शाईत एकच शब्द घेऊन: ‘का?’ उत्तर साफ चूक होतं. 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, 1/5 ते 1/8 मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची आठ पदं मिळून परत तेच. अर्धे-अर्धे कधी संपतच नाहीत, म्हणजे बेरीज वाटेल तेवढी वाढते. फक्त गोगलगाईच्या चालीनं: 10 ओलांडायला 12,367 पदं लागतात. टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळच्या ट्यूशनमध्ये आम्ही शंभर गणितं सोडवली असतील, पण ‘का’ असं एकदाही कुणी विचारलं नव्हतं. अकरावीत मराठीतून एकदम इंग्रजीत पडल्यावर जसं झालं होतं, तसंच झालं बघ. येतंय सगळं, पण मांडता येईना.

आता कामाचं. पीयूसीला तिकडं आपोआप क्रेडिट मिळेल, म्हणजे तेवढा कोर्स झालाच असं मानतील, असं धरून चालू नको. बहुतेक ठिकाणी कुठल्या कोर्सला बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट असते, ती नीट दे. सरावाला कॅल्क्युलेटर बाजूला ठेव. झेपत नसेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतो, ट्रान्स्क्रिप्टवर डागही राहत नाही. ती तारीख गेली की सोडलेल्या कोर्सपुढं ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे मधेच सोडला) लागतो. आणि हे नीट ऐक: एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला साधारण 12 क्रेडिट (कोर्सांचं वजन मोजायचं माप) घ्यावीच लागतात. कॅल्क टू बहुधा 4 चा. तू 14 घेऊन हा सोडलास की 10 वर येशील, आणि इंटरनॅशनल ऑफिसची आधी परवानगी नसेल तर व्हिसाच अडचणीत. मी 16 घेतली होती म्हणून वाचलो. हुशारी नव्हती ती, हाव होती.

ऑफिस अवर्सना जा. आपल्याकडं सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटतं; तिकडं तो वेळ तुझ्यासाठीच ठेवलेला असतो. मी ऑक्टोबरपर्यंत गेलो नाही, लाजत होतो. होमवर्कवर मित्रांशी चर्चा चालते का ते सिलॅबसमध्ये बघून घे. चालत असली तरी लिहायचं मात्र स्वतःचं स्वतः, त्यात ते कडक असतात.

घ्यावा की नाही, हे मार्कांवरून ठरवू नको. एक गणित देतो. y = 1/x ही रेषा x = 1 पासून पुढं अनंतापर्यंत घे आणि x-अक्षाभोवती फिरव. तुतारीसारखा आकार होईल. आतलं घनफळ काढ, π येईल. बाहेरचं क्षेत्रफळ अनंत येतं. म्हणजे तुतारी रंगानं भरता येते, पण रंगवता येत नाही! पहिल्यातलं इंटिग्रेशन तुला पीयूसीच्या जोरावर जमेल. दुसरं का, हे कागदावर पूर्ण वाक्यांत लिहून मला पाठव. लिहिताना मजा आली तर ऑनर्स घे. कटकट वाटली तर साधा कॅल्क टू घे, त्यात कमीपणा काही नाही.