पंधरा हजारांच्या कोर्सआधी एक शीट कर

डिचोलीहून तू लिहिलं आहेस: बी.कॉम. झालं, कळंगुटच्या हॉटेलात रिझर्व्हेशनला लागून आठ महिने झाले. पाहुण्यांच्या ईमेलची उत्तरं चॅटजीपीटीकडून लिहून घेतेस, पण दर वेळी प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला द्यायची सूचना, पहिल्यापासून टाइप करतेस. रिफंडवाला एक छान जमला होता, तोही सापडत नाही. तर चवथीला साठवलेले पंधरा हजार 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग'च्या कोर्सला घालू का?

नको. निदान आत्ता नको.

पत्रातली खरी गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. मोपाला उतरणाऱ्या पाहुण्याला एआयने दाबोळीहून यायचा रस्ता सांगितला, तू न वाचता पाठवलास आणि बोलणी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी प्रॉम्प्टमध्ये ओळ घातलीस: 'विमानतळ मोपा की दाबोळी, ते ईमेलात नसेल तर गृहीत धरू नकोस, पाहुण्याला विचार.' ही ओळ कोर्सवाला कुठून देणार? गोव्यात जानेवारी २०२३पासून दोन विमानतळ आहेत, हे ज्याला रोज निस्तरावं लागतं त्यालाच ती सुचते.

अशा ओळी जप. ऑफिसच्या खात्यात एक गूगल शीट उघड. रकाने चारच: काम, प्रॉम्प्ट, कधी बदलला, का बदलला. चौथा रकाना हमखास गाळला जातो. मग सहा महिन्यांनी नवीन आलेला कुणीतरी 'ही ओळ कशाला?' म्हणत ती खोडतो आणि पाहुणा पुन्हा दाबोळीला! नाव कामावरून दे, 'बुकिंग रद्द, पैसे परत हवेत' असं. 'चांगला प्रॉम्प्ट २' यातून तुलाच काही कळणार नाही. तारीख, खोली, दर या जागा रिकाम्या ठेव, नाहीतर एकाचा दर दुसऱ्याला जाईल. पासपोर्ट आणि परदेशी पाहुण्यांच्या नोंदणी-फॉर्मची माहिती मात्र शीटमध्येही नको नि चॅटमध्येही. आणि फार जमवू नकोस. मी शंभरेक साठवले होते, वापरात होते सात.

पुढच्या मुलाखतीत 'एआय येतं' असं सगळेच म्हणतील. तू तो चौथा रकाना सांग: काय चुकलं, काय बदललं. शीट हॉटेलची आहे, ती दाखवायची तर आधी मॅनेजरला विचार.

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की तुला मान वर करायला फुरसत मिळणार नाही, तेव्हा याच रविवारी बस. चॅटच्या यादीपाशी शोधायची सोय असते. तिथे 'रिफंड' टाकून बघ, हरवलेला बहुतेक तिथेच असेल.