नवीन अशिलाची ऑनलाइन माहिती वकिलाने काढावी का, आणि कुठे?

होय, वकीलपत्र स्वीकारण्यापूर्वी अवश्य काढावी. मी सर्वप्रथम ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतो. तिथे जिल्हा न्यायालयांतील प्रलंबित व निकाली प्रकरणे दिसतात, मात्र नावाचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे लागते, आणि नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचा खटला अशिलाच्या माथी मारला जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीचा तपशील पडताळणे हे आपले कर्तव्यच आहे. जमिनीच्या वादात महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरील सातबारा पाहावा. अशील कंपनी असल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत संचालकांची नावे सापडतात. त्यांपैकी कोणाविरुद्ध आपण दुसऱ्या एखाद्या खटल्यात आधीच वकील म्हणून उभे आहोत का, हे त्यावरून कळते. फेसबुकवरील मजकुरावरून मात्र मत बनवू नये. जे खटकेल ते अशिलालाच समोर बसवून विचारावे.