'कसून चौकशी' आणि टकळी

नागपुरातल्या धरमपेठेतून एका वाचकांचं पत्र आलंय. लेक अकरावीत आहे, कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आहे 'संशयित दहशतवाद्यांच्या चौकशीत टॉर्चरचा वापर योग्य की अयोग्य'. लेकीला 'टॉर्चर' हा शब्द मंचावर नको. मग ते विचारतात की छळ म्हणावं, यातना म्हणावं, थर्ड डिग्री म्हणावं, की पेपरात येतं तसं 'कसून चौकशी'?

शेवटचा पर्याय वाचला आणि हातातला चहा कडू लागला. 'पोलिसांनी कसून चौकशी करताच आरोपीने गुन्हा कबूल केला.' या एका वाक्यावर मराठी पत्रकारितेच्या चार पिढ्या जगल्या. कसून म्हणजे कसं, हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे तर 'पाहुणचार केला' असंही छापून येतं. जे सांगायचंय ते न सांगता सांगण्यासाठीच हे शब्द पाळलेले आहेत. अमेरिकेत 2001 नंतर सीआयएने हेच केलं. नाकातोंडावर कापड टाकून वरून पाणी ओतायचं, माणसाला बुडून मरत असल्यासारखं वाटू द्यायचं आणि कागदावर लिहायचं 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन'. एका कैद्यावर ते 183 वेळा झालं, दुसऱ्यावर 83 वेळा. इस्रायलात 1987 मध्ये लँडाऊ आयोगाने चौकशीतल्या असल्या जबरदस्तीला 'मध्यम शारीरिक दबाव' म्हटलं होतं. 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धतींना मनाई केली. 'मध्यम' हा शब्द मला त्यातल्या त्यात आवडतो. मिसळीच्या दुकानात विचारतात ना, तिखट, मध्यम की साधी!

थर्ड डिग्रीचं प्रकरण दोन मिनिटांत संपवतो. फर्स्ट आणि सेकंड डिग्रीही कायद्याच्या पुस्तकात कुठेतरी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघटनेत तीन पायऱ्या असतात. तिसरीवर चढताना उमेदवाराला प्रश्नांनी घेरतात, तिथून हा शब्द पोलीस ठाण्यात आला. 1910 मध्ये वॉशिंग्टनचे पोलीसप्रमुख रिचर्ड सिल्व्हेस्टर यांनी वेगळीच मांडणी केली. अटक ही पहिली डिग्री, तुरुंगापर्यंतचा प्रवास दुसरी, चौकशी तिसरी. साहेब पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते, म्हणून ही व्युत्पत्ती आजही लोक गंभीरपणे सांगतात. शब्द आधी बदनाम झाला आणि मग त्याला सोज्वळ जन्मदाखला काढून दिला, एवढाच त्याचा अर्थ. असे दाखले मी शब्दांच्या बाबतीत मानत नाही.

'यातना' नको. चांगला शब्द आहे, पण जागा चुकते. संस्कृतात यातना म्हणजे केल्याची परतफेड. यमलोकी मिळतात त्या यातना, म्हणजे पापाचा हिशेब झाल्यावर मिळतात त्या. चौकशीतल्या माणसाचा हिशेब अजून व्हायचाय. त्याला 'यातना' म्हटलं की तो दोषी आहे हे तुम्ही शब्दातच ठरवून टाकलंत. तुमची लेक 'अयोग्य'च्या बाजूने बोलणार असेल, तर पहिल्याच वाक्यात स्वतःच्या पायावर धोंडा.

आता ज्यासाठी मी सकाळपासून कोश उघडून बसलोय, तिकडे येतो.

इंग्रजी टॉर्चर आला लॅटिनमधून. तिथे 'टॉर्क्वेरे' म्हणजे पिळणे, पीळ देणे. इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्याच मुळाचा संस्कृतातला भाऊ आहे 'तर्कु', म्हणजे सूत कातायची चाती. पीळ देते ती चाती. तर्कुचं प्राकृतात झालं तक्कु, हिंदीत तकुआ नि तकली, आणि आपल्याकडे टकळी. म्हणजे अमेरिकेच्या ग्वांतानामोच्या तुरुंगात जे चाललं ते आणि सेवाग्रामच्या ओसरीवर जे चाललं ते, दोन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा मे महिना होता, कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि मला दोन तास पत्ता नव्हता.

(पोलीस लाइन टाकळी इथे राहणाऱ्या वाचकांनी कृपया उत्साहाने पत्र लिहू नये. तुमच्या टाकळीतला 'टा' दीर्घ आहे. योगायोग झकास आहे, पण योगायोगच आहे.)

पण खरी गंमत तर्कुची नाही, मराठीची आहे. मराठीत टकळी आणखी एका गोष्टीची असते. तोंडाची. 'काय सकाळपासून टकळी लावलीय!' 'त्याची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही.' रोमन माणसाने पिळण्यावरून छळाचा शब्द केला, आपण पिळण्याच्या साधनावरून बडबडीचा. पीळ द्या, तोंड चालू. चौकशीखोलीचं सगळं तंत्र या दोन शब्दांमध्ये बसलंय.

यावर आमच्या वाचनालयातले एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक मला दर शनिवारी अडवतात. त्यांच्या मते बोलण्याची टकळी वेगळी. ती टकटक, कटकट, वटवट यांच्या बिऱ्हाडातली, निव्वळ आवाजावरून आलेली. सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण क्रियापदं बघा की. वटवट करतात, कटकट करतात. टकळी कोणी 'करत' नाही. टकळी लावतात, चालवतात, सुरू होते, थांबते. ही यंत्राची क्रियापदं आहेत, आवाजाची नव्हेत. शिवाय ज्याने कापसाचा पेळू धरून टकळी फिरवलीय त्याला विचारा. आम्हाला शाळेत सूतकताईचा तास होता. टकळी फिरताना आवाज करतच नाही. मास्तर म्हणायचे, टकळीचा आवाज आला तर समजा ती खाली पडलीय. मग आवाजावरून नाव कसं पडेल? सरांचं यावर उत्तर असं की तुम्ही वऱ्हाडातले, तुम्हाला जिकडे तिकडे कापूसच दिसतो. हा युक्तिवाद नव्हे. न्यायशास्त्रात समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवून वाद जिंकण्याला छल म्हणतात. हे त्याचंच भावंड, आणि सरांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एक कबूल करतो. माझ्या बाजूने बोलताना एकदा एका उत्साही मित्राने 'सूतोवाच'सुद्धा कातण्यातून आला असं ठोकून दिलं. तो सूत म्हणजे धागा नव्हे, पुराणं सांगणारे सूत. 'सूत उवाच'. सरांनी त्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना.

तर मुद्दा. छळाच्या बाजूने जे बोलतात त्यांच्या मनात टकळी नसते, कसोटीचा दगड असतो. हा गोंधळ फार जुना आहे. कस म्हणजे संस्कृतातला कष. इतवारीच्या सराफ्यात काळ्या दगडावर सोनं घासून पाहतात तो. कषपट्टिकेची झाली कसोटी. ग्रीकांकडे त्याच दगडाला 'बासानोस' म्हणत, आणि तोच शब्द पुढे छळ करून घेतलेल्या जबानीला लागला. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करून काढलेली असेल तरच चालायची. कल्पना अशी की दगडावर घासलं की आतलं सोनं उमटतं. तसं आपल्या 'कसून'मध्ये दोन कस आहेत, एक सोनाराचा आणि एक कंबर कसतो तो, दोराचा. बातमीदाराच्या मनात कोणता असतो ते त्यालाच विचारा. कोठडीतल्याला शंका नसते.

रोमनांनाही छळाचं वावडं नव्हतं. 'क्वेस्तिओ' म्हणजे त्यांच्याकडे प्रश्नही आणि छळही. पण त्यांचाच कायदेपंडित उल्पियन लिहून गेला की हे साधन नाजूक आहे, धोक्याचं आहे आणि सत्याला चकवणारं आहे. दगडावर सोनं घासा, पितळ घासा, दोन वेगळ्या रेघा उमटतात. टकळीला ते कळत नाही. जो पेळू हाती द्याल त्याचं सूत निघतं, आणि पीळ द्याल तितकं निघतं.

इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा कैदी अमेरिकेने इजिप्तच्या ताब्यात दिला. तिथे त्याने सांगितलं की इराक अल कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो. फेब्रुवारी 2003 मध्ये ते सूत थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत वाचून दाखवलं गेलं, पुढच्या महिन्यात युद्ध. नंतर त्याने सगळं नाकारलं. घरचंच हवं असेल तर 11 जुलै 2006 चे मुंबईच्या लोकल गाड्यांतले स्फोट घ्या. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं न्यायालयाने मानलं, आणि वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांत सारखाच मजकूर आढळला. वेगळी तोंडं आणि एकच धागा! सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला द्यायला स्थगिती दिलीय, हेही लेकीला सांगा. समोरची बाजू ते बाहेर काढणारच.

कायद्याला टकळी ओळखीची आहे. मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारी तपासायला आयोग बसला होता, 1855 मध्ये त्याचा अहवाल आला. 1872 च्या पुरावा कायद्याने कलम 25 घालून ठेवलं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही. साहेबाचा स्वतःच्या पोलिसांवर किती विश्वास होता बघा. नव्या साक्ष्य अधिनियमात तेच कलम 23. पण टाडा, पोटा हे दहशतवादविरोधी कायदे आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपला 1999 चा मोक्का यांनी अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरला. म्हणजे हवालदाराच्या हातात ती टकळी असते, अधीक्षकांच्या हातात गेली की कसोटी होते. नार्को चाचणी तर इंजेक्शनवर चालणारी टकळी. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माणसाच्या संमतीशिवाय करायला बंदी घातली.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या परंपरेत असलं काही नव्हतं, असं कोणी म्हणालं तर लेकीने कौटिल्य काढावा. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठवा अध्याय आहे, 'वाक्यकर्मानुयोग'. अनुयोग म्हणजे चौकशी. ती वाक्याने करायची, नाहीतर कर्माने. हे 'कर्म' म्हणजे काय ते पुढे फटक्यांच्या मोजणीसकट दिलंय. (आपण कपाळावर हात मारून 'कर्म माझं!' म्हणतो त्याचा याच्याशी संबंध नाही. असता तर मजा आली असती.) कौटिल्य काही हळव्या मनाचा नव्हता. दोषाची खात्री वाटेल त्याच्यावर कर्म करा, असं तो सरळ सांगतो. गर्भार बाईवर नको, महिन्याच्या आतल्या बाळंतिणीवर नको, मूल, म्हातारा, आजारी यांच्यावर नको, अशी काही सूट. पण त्याच अध्यायात तो मध्येच थबकतो आणि मांडव्याचं नाव घेतो. चोर नसलेला मांडव्य कर्माच्या क्लेशाला भिऊन 'मी चोर आहे' म्हणाला. महाभारतातला अणीमांडव्य ऋषी मौन धरून सुळावर चढतो. कौटिल्याचा मांडव्य बोलतो. मला कौटिल्याचा जास्त खरा वाटतो. महाभारतकाराला ऋषी माहीत होते, कौटिल्याला कोठडी.

योग्य म्हणणाऱ्यांचा हुकमी पत्ता एकच. बाँब कुठेतरी टिकटिकतोय, माणूस हातात आहे, शहर वाचवायचं की नाही? प्रश्न हलका नाही. 1 जून 2006 च्या पहाटे महाल भागातल्या संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न होऊन गोळीबार झाला तेव्हा या शहराने ती भीती चाखलीय. पण या गोष्टीत एक गृहीत धरलेलं असतं. हातातला माणूस तोच आहे, त्याला ठाऊक आहे, आणि तो खरं बोलेल. एवढं जर आधीच पक्कं कळलंय, तर ते सगळं कळवणारं चौकशीचं साधन कोणतं होतं, ते तरी सांगा.

बरं, शब्द. 'पीडन' सुचवणारे एक मित्र आहेत. व्युत्पत्ती उत्तम. पीडणे आणि पिळणे एकाच 'पीड्'चे, म्हणजे आपणही रोमनांसारखेच. पण मंचावर 'पीडन' म्हटलं की मागच्या रांगेतली पोरं हसतील. 'छळ' घ्या. त्यावर आक्षेप हा की सासूही छळते, डासही छळतात. छळू द्या. शब्द वापरून वापरून मऊ झालाय, म्हणून तो खोटा होत नाही. शिवाय त्याच्या पोटात तोच जुना छल आहे, फसवणूक. कोठडीत पहिली फसवणूक विचारणाऱ्याचीच होते. मथळा असा करा: 'दहशतवादाचा संशय असलेल्यांच्या चौकशीत छळ योग्य की अयोग्य'. आणि 'अनन्वित छळ' लिहू नका. अनन्वित म्हणजे ज्याचा अन्वय लागत नाही असा. या छळाचा अन्वय अगदी व्यवस्थित लागतो.

आता पत्र पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलंय की स्पर्धा शनिवारी. आज सोमवार, म्हणजे ती होऊनही गेली. लेक कोणत्या बाजूने बोलली ते कळवा. आणि घरात आजीची टकळी असेल तर येत्या शनिवारी वाचनालयात घेऊन या. सरांना फिरवून ऐकवायचीय.